पेटी गावची, धूळ भिलाईची

नकली चित्रं बनवणारा म्हटल्यावर तुमच्या डोक्यात कोण आला, सांगू काय? लंबी दाढी, गळ्यात मफलर, मोठ्ठा बंगला, खाली तळघर, परदेशातले गिऱ्हाईक, मागं पोलिसाची गाडी. एखादी लाल लिपस्टिकवाली बाई पण असंन. हाय ना? मंग ते सगळं पुसून टाका. आमच्या नकली चित्रकाराच्या बनियानले तीन भोकं होते, त्याच्या दारात लौकीचा, म्हणजे दुधीचा, वेल होता, अन् भिलाईतल्या रिसालीच्या भाजीबाजारात दहाच्या भाजीवर कोथिंबीर फुकट मागताना मी त्याले माह्या डोळ्यानं पाह्यला हाय. पोलीस त्याच्याकडं अजून आले नाई. माह्याकडं माही आई आली. पोलीस परवडले असते.

पहिले माहं सांगतो, कारण ह्यात मी पण हाय, अन् चांगल्या जागी नाई.

मी नकला करतो. शाळा हिंदी मीडियमची, मराठी फक्त घरात, तेही आईनं ओरडल्यावर. पण आवाज मले कोणत्याही भाषेतला द्या. आमच्या प्रिन्सिपलचं नाकातलं बोलणं, दुर्ग स्टेशनवरची लेट झालेल्या गाडीची बाई, आमच्या स्टील प्लांटचा भोंगा, कुकरची तिसरी शिटी. बारावीत असताना मी भोंगा असा वाजवला होता का शेजारचे काका डबा घेऊन अर्ध्या रस्त्यात गेले होते. बाबा म्हणत, "माकड झालं हे पोट्टं." आई म्हणे, "माकड झाड तरी चढते."

दोन वर्षांआधी मराठी मंडळाच्या गणपतीत मी स्टेजवर नकला केल्या. खाली उतरलो तं एक म्हातारा माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "पोरा, तू कलाकार हायेस."

आता इथंच माही चूक. एकवीस वर्षांत मले कोणी कलाकार म्हटलं नव्हतं. कुत्र्याले कोणी पहिल्यांदा बिस्कुट दिलं का ते जसं मागं मागं जाते, तसा मी गेलो.

त्याले सगळे ट्रेसर काका म्हणत. वर्ध्याकडचा माणूस. जवानीत प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात लागला. तिथं इंजिनियर पेन्सिलनं मशीनचा नकाशा काढे अन् हा त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं तो जसाच्या तसा उतरवे. तीस वर्षं हेच केलं. दुसऱ्याची रेघ, याचा हात. एवढी साफ रेघ का साहेब लोक म्हणत, छापली काय रे? मंग कंप्युटर आले, याचा टेबल गेला, अन् हा लवकर रिटायर होऊन घरी बसला. मले पहिले दया आली होती. खोटं कावून सांगू.

पण तो स्वतःच सांगे ना, हसून हसून, मांडीवर थाप मारून. ड्रॉइंग ऑफिसात असतानाच त्यानं सिक लीव्हच्या चिठ्ठ्यांवर डॉक्टरची सही सुरू केली होती. अर्धा डिपार्टमेंट त्याच्या सहीवर आजारी पडे अन् त्याच्याच सहीवर बरा होई. रिटायर झाल्यावर गोदना. इकडच्या गावातल्या बाया अंगावर गोंदून घेतात ना, त्या नक्ष्या आता कापडावर काढून विकतात. यानं सरगुज्याकडची एक म्हातारी तयार केली. म्हणजे कागदावर. तिचं वय, तिचं गाव, तिचा मेलेला नवरा, सगळं यानं ठरवलं, अन् तिच्या नावानं कापडं विकले. म्हातारीले लिहिता येत नाई म्हणून खाली अंगठा. तो अंगठा कोणाचा?

"माह्या पायाचा," काका म्हणे. "हाताचा दिला तं उद्या पकडल्या जाईन. पायाचा कोण तपासते?"

मी हसलो होतो. लोटपोट होऊन हसलो होतो. कोण्या साहेबाच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, फ्रेममधे या माणसाच्या पायाचा अंगठा! आता आठवलं का तोंडात कडू पाणी येते. कारण तिकडं खरोखरच्या म्हाताऱ्या होत्या, खरोखर डोळे फोडून कापडं रंगवणाऱ्या, अन् त्यांच्या वाटचं गिऱ्हाईक ह्याचा पाय खाऊन राहिला होता.

त्याची खोली तुम्हाले दाखवतो. जेवत असाल तं थांबा.

मागची खोली, खिडकीवर गोणपाट. आत गेलं का आंबट वास, शिळ्या पेजेचा. कागदाले पेज लावून, वाळवून, परत लावून तो कडक करे. मंग गुळाचं पाणी. कागद अंगणात पसरून त्याच्यावर थेंब थेंब गुळाचं पाणी शिंपडे, अन् माश्या येत. हजारो. काका खुर्ची टाकून बसे अन् कौतुकानं पाहे. "हगू दे," म्हणे. "जुन्या कागदावर माश्यांचे ठिपके पाह्यजेच. ब्रशनं काढले तं एकसारखे दिसतात. माशी कशी, मनात येईन तिथं करते." अन् शेवटी चहा. काळा चहा तोंडात घ्यायचा, गालात फिरवायचा, अन् कागदावर फुर्रर्र करून फवारायचा. त्याच्या तोंडात दिवसभर खर्रा, सुपारी-तंबाखूचा. दात लाल, जीभ लाल. "मशीननं हा रंग येत नाई," तो हाताच्या मागच्या बाजूनं ओठ पुसून म्हणे. "याच्यात माणूस लागते."

चित्र पूर्ण झालं का आखरी काम धुळीचं. दाराच्या वरच्या झरोक्यातली, कुलरच्या मागची धूळ तो एका डब्यात जमवून ठेवे. ती कापसानं कागदाच्या मागं, फ्रेमच्या खाचेत भरे. तीस वर्षांचा ट्रेसर, कोणतीच जागा सोडत नसे.

त्याचं एक तत्त्व होतं, ते पण सांगतो, कारण मले त्याच्यापेक्षा घाण गोष्ट आयुष्यात कोणी सांगितली नाई. म्हणे, "मोठ्या नावाच्या चित्राची नकल गधे करतात. त्याले तपासणारे शंभर. आपण अशा चित्रकाराचं काढायचं ज्याले कोणीच ओळखत नाई, पण दुनियेत एका माणसाले तो पाह्यजे असते. तो माणूस तपासत नाई. तो रडते."

तो एक माणूस त्याले भेटला होता. आमच्या बाई.

बाई म्हणजे आम्हाले आठवीत हिंदी शिकवायच्या त्या. वर्गात आम्ही मॅडम म्हणायचो, पण वर्गाबाहेर त्या माह्याशी मराठीत बोलत, आमच्या घरी येत जात, म्हणून घरात त्या बाई. रिटायर झाल्या, एकट्याच राहतात, वैशाली नगरात. त्यांचे बाबा अमरावतीकडच्या एका खेड्यात ड्रॉइंग मास्तर होते. बाई नऊ वर्षांच्या असताना ते गेले, अन् काकालोकांनी घर रिकामं करताना त्यांची सगळी चित्रं रद्दीत घातली. बाईंजवळ एकच पोस्टकार्ड उरलं. पत्राच्या कोपऱ्यात एवढासा बैल काढलेला, खाली मास्तरांची तिरपी सही.

ते पोस्टकार्ड त्यांनी मंडळात दहा जणांना दाखवलं असंन. ट्रेसर काकानं पण पाह्यलं. हातात घेतलं, उलटंपालटं केलं, अन् म्हणे, "मी चौकशी करतो बाई, तिकडं माही ओळख हाय."

तिथून माहं काम. गावाकडून एक फोन यायले पाह्यजे होता. म्हातारा माणूस, मास्तरांच्या शाळेतल्या चपराशाचा पोरगा. घरात जुनी लोखंडी पेटी सापडली, तिच्यात मास्तरांचे सात चित्रं. पेटी भिलाईले पाठवून देतो, ट्रेसरभाऊंच्या घरी, तुम्ही गाडीभाडं अन् पेटीचं काय ते द्या. एवढंच.

म्हाताऱ्याचा आवाज कुठून आणावा? मले दूर जावं लागलं नाई. माह्या आईचे बाबा, माहे आजोबा, दर्यापूरकडचे. ते जाऊन तीन वर्षं झाले होते. बोलायच्या आधी ते घसा खाकरत, "काय म्हंतो मी, माय" म्हणत, मंग मुद्द्यावर येत. तो आवाज माह्या गळ्यात तयार होता. चार दिवस बाथरूममधे नळ सुरू करून प्रॅक्टिस केली.

काकाच्या खोलीतून, नव्या सिमवरून, मी बाईले फोन लावला. काका समोर बसून खर्रा घोटून राहिला होता.

"हॅलो. काय म्हंतो मी, माय... मास्तरांची पोरगी बोलून राहिली काय?"

तिकडून बाई म्हणाल्या, "हो. हो, मीच."

मी सगळं बोललो. पेटी, सात चित्रं, चपराशी बाप. मस्त जमलं. इथं फोन ठेवायचा होता. पण माह्यासारख्या नकल्याले एक बिमारी असते, टाळी पडेस्तोवर तो थांबत नाई. बाई रडत होत्या. मले वाटलं, अजून एक टाकू.

"अन् काय म्हंतो मी, माय, तुमचे बाबा तुमची लय याद काढत. माह्या बापाले म्हणत, माह्या पोरीचा हात माह्यापेक्षा चांगला हाय."

बाई म्हणाल्या, "असं म्हणाले ते? खरंच?"

"देवाशपथ, माय."

काकानं मांडीवर थाप मारली. मले अंगठा दाखवला. हाताचा.

पंधरा दिवसांनी बाईंच्या घरी मी सात चित्रं भिंतीवर लावायले गेलो. बाईंनीच बोलावलं होतं, "तू उंच आहेस, ये जरा." एक विहीर, एक आंब्याचं झाड, बैल, बैल, देऊळ, नदी, अन् एका लहान पोरीची पाठ. त्या पोरीच्या चित्रापाशी बाई थांबल्या. भिंतीवरून काढून हातात घेतलं, काच अजून बसवली नव्हती, अन् कागदावर कपाळ टेकवलं. मंग ओठ टेकवले.

माह्या डोळ्यासमोर काकाचं लाल तोंड आलं. गालात फिरणारा चहा. फुर्रर्र. मी बाथरूमले जातो म्हणून आत गेलो अन् वॉशबेसिनवर वाकून राहिलो. बाहेरून बाई विचारत होत्या, "काय रे, काय खाल्लंस?"

बाहेर आलो तं टेबलावर नवे ब्रश, नवे रंग. बाई लाजून सांगू लागल्या. सात-आठ वर्षांच्या असताना त्यांनी बाबांचा एक चांगला कागद खराब केला होता, अन् बाबांनी हातातून ब्रश हिसकून घेतला होता. नंतर लवकरच ते गेले. तेव्हापासून बाईंनी ब्रशले हात लावला नाई. पन्नास वर्षं. "मला वाटायचं, माझ्या हातात काहीच नाही. आणि बघ, बाबा मागं काय म्हणायचे." त्यांनी मले त्यांचं पहिलं चित्र दाखवलं. गेंद्याचं फूल होतं, झेंडूचं. दिसत होतं कांद्याच्या भज्यासारखं. दुसरी वेळ असती तं मी तीन जोक मारले असते.

मंडळानं ठरवलं का रविवारी हॉलमधे मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं. बाईंचे चुलतभाऊ अमरावतीहून येणार होते, त्याच काकालोकांचे पोरं, ज्यांनी रद्दी विकली होती. बाई म्हणत, "येऊ दे. बघू दे त्यांना." मास्तरांच्या नावाचं बॅनर छापायले गेलं. रोज वाटे, आज सांगू. रोज वाटे, उद्या.

गुरुवारी बाई आमच्या घरी आल्या, पोरीच्या पाठीचं चित्र घेऊन, फ्रेम ढिली झाली म्हणून. माहे बाबा असले कामं चांगले करतात. आईनं चहा ठेवला, पोहे केले. बाई त्या फोनची गोष्ट सांगू लागल्या, तिसऱ्यांदा का चौथ्यांदा, पण आईपुढं पहिल्यांदाच.

"इतका गोड म्हातारा हो. प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा, अन् म्हणायचा, काय म्हंतो मी, माय."

आईच्या हातातला कप तिथंच थांबला. तिनं माह्याकडं पाह्यलं. मी पंख्याकडं पाह्यलं.

आईनं कप खाली ठेवून चित्र उचललं, सवयीनं मागची बाजू पदरानं पुसली. मंग पदर पाहतच राहिली. पिवळ्या पदरावर काळी धूळ, अन् त्याच्यात बारीक बारीक चमक.

इथल्या माणसाले प्लांटची ही धूळ सांगावी लागत नाई. ती दोरीवरच्या कपड्यांवर येते, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर येते, सकाळी झाडून संध्याकाळी परत. चमकी टाकल्यासारखी. आईनं तीस वर्षं ती झाडली हाय. आम्हाले वाटते धूळ अशीच असते. काकाले पण तसंच वाटलं. तीस वर्षं सगळ्या रेघा सांभाळणारा माणूस, अन् गावाकडच्या पेटीत त्यानं भिलाईची धूळ भरली.

"बाई," आई हळूच म्हणाली, "पेटी सरळ गावाहून आली होती ना?"

"हो, बंद. कुलूप ट्रेसर काकांनी माझ्यासमोर तोडलं."

"अस्सं," आई म्हणाली, अन् त्यांना अजून थोडे पोहे वाढले.

बाई गेल्या. बाबांनी फ्रेम उघडली, खाचेतली धूळ कागदावर झाडली, अन् फ्रीजवरचं चुंबक काढून खालून फिरवलं. सगळी धूळ उभी झाली. केसासारखी. चुंबक इकडं गेलं का इकडं, तिकडं गेलं का तिकडं.

"गावात कोणता स्टील प्लांट होता बे?" बाबा म्हणाले.

मी सगळं ओकलो. आई ऐकत राहिली. मी मार खायले तयार होतो. ती फक्त एवढंच म्हणाली, "माह्या बापाचा आवाज होता तो. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून ऐके. मले वाटे, पोरगं आजोबाची याद काढून राहिलं." मंग ती आत गेली अन् दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "आजच्या आज सांगून ये. रविवारी बाई त्या भावांसमोर उभ्या राहायच्या आधी."

मी भित्रा. पहिले काकाकडं गेलो. म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही मोठे. काका अंगणात माश्या पाहत बसला होता.

"कावून सांगू?" तो म्हणे. "तिचा बाप मी तिले वापस दिला. त्याच्या सग्या भावांनी दिला नाई. सुखात हाय ना ती? अन् तू बे, तू तं कमाल केली. हात चांगला हाय म्हणे! मले सुद्धा सुचलं नसतं." अन् परत तीच मांडीवर थाप. "लय घाण कलाकार हायेस तू."

त्याच्या हनुवटीवर खर्ऱ्याचा ओघळ आला होता. त्यानं तो जिभेनं आत घेतला. मले किळस आली, पण खरं सांगू, ती अर्धीच त्याची होती. त्याच्याकडं पाह्यलं अन् मले माहाच म्हातारपणीचा फोटो दिसला.

बाई व्हरांड्यात बसून चित्र काढत होत्या. गेंद्याचंच. ह्या वेळेस भजं थोडं कमी झालं होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं. पेज, माश्या, झरोका, चुंबक. चहा तोंडातून कसा फवारला ते सांगितलं नाई. तेवढं मी पोटात ठेवलं, अजून ठेवलं हाय.

बाईंनी ब्रश पाण्यात हलवून धुतला. मंग विचारलं, "फोनवरचा म्हातारा?"

"मीच."

"आणि ते... बाबा म्हणायचे ते?"

मले वाटलं, हे एक राहू द्यावं. इथं खोटं बोललो तं कोणाचं काय जाते? पण तोंडातून खोटं काढायले मले नेहमी कोणाचातरी आवाज लागते, अन् त्या दिवशी एक पण आवाज आला नाई.

"तेही मीच," मी म्हटलं. "तेव्हाच सुचलं."

बाई उठल्या. आठवीत उठायच्या तशाच. हिंदीत म्हणाल्या, "सीधे खड़े रहो." मी सरळ झालो. मंग मराठीत आल्या.

"चित्रं मी आत्ता उतरवीन. सात खिळे, सात चित्रं, दहा मिनिटांचं काम. मंडळात सांगीन, भाऊ हसतील, हसू दे. त्या माणसाच्या दारात पण जाईन, अन् पोलिसात पण. पण तू जे बोललास, ते मी कुठून उतरवू? सांग ना. कोणत्या खिळ्यावर टांगलंयस ते? माझे बाबा रागीट होते. त्यांनी माझ्या हातातून ब्रश ओढला होता, तेवढं एक माझ्याजवळ त्यांचं खरं होतं. तेही तू पुसलंस. कशासाठी? मी रडले म्हणून? तुला मजा आली म्हणून? लाज नाही वाटली? स्वतःच्या आजोबाला कामाला लावलंस, मेलेल्या माणसाला! आणि वरून देवाशपथ! आठवीत तुला मी पाठीशी घालायची, सगळे म्हणायचे टवाळ आहे, मी म्हणायची, नाही, पोरगं हुशार आहे. हुशार! मान खाली का घालतोस? वर बघ. रडू नकोस, तुझं रडणं पण मला कोणाचंतरी वाटतंय."

मले काहीतरी करायचं होतं. टेबलावरून ब्रश घरंगळून राहिला होता, तो मी पकडला.

"ठेव तो खाली," बाई म्हणाल्या. "तो मी माझ्या पैशाने आणलाय. त्याला हात लावायचा नाही. आणि पाणी सांडलंस बघ, पुसून जा. नीट पूस. निघ आता."